त्रेचाळीस सेकंद

खेतवाडीच्या जिन्याखाली, कोळशाच्या इस्त्रीवर वाकून
सगुणाबाई तोंड मिटून काहीतरी गुणगुणल्या
आणि मी कट म्हणायचं विसरले.
एकच टेक.
दुसऱ्या टेकला त्या लाजल्या.

एडिटला बसल्यावर कळलं, ते गाणं आहे.
कुठल्याशा पडेल पिक्चरमधलं,
पिक्चर मेला, गाणं तेवढं जिन्याखाली राहिलं.

गाण्याला दोन दारं असतात, पर्सिस मॅडम म्हणाल्या,
अंधेरीत, बाराव्या मजल्यावर, काचेआड.
एक चालीचं, एक रेकॉर्डिंगचं.
तुमच्या बाई नुसत्या गुणगुणतात ना?
मग दुसरं नको. पहिलं मात्र लागेलच.
आकडा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिला.
मोठ्यानं सांगण्यासारखा नव्हताच.

माझा अख्खा पिक्चर अकरा लाखांत.
त्यात बाबांच्या फंडातले चार,
त्यात विकलेली अ‍ॅक्टिव्हा,
त्यात कॅमेरामनचे अजून न दिलेले पैसे,
जे मी हिशोबात जमेच्या बाजूला धरते.

मसुद्यात लिहिलं होतं:
क्षेत्र, संपूर्ण विश्व. मुदत, अनंतकाळ.
विचारलं, थोडं कमी विश्व मिळेल का?
खेतवाडी, फार तर ठाकुरद्वार,
एखादा फेस्टिव्हल, आणि मावशीचं घर?
मॅडम हसल्या, अगदी मनापासून.
आकडा हसला नाही.

गुणगुण पुसून पाहिली.
उरलं काय, पाणी शिंपडल्याची चुर्र
आणि सदऱ्याची कॉलर.
पण सगुणाबाईंच्या गळ्याची शीर हलतच होती,
पैसे न भरलेलं गाणं
आवाज बंद करून गात होती.

साउंडवाल्या ग्लेननं पत्ता दिला.
धोबीतलाव, दुसरा मजला, बावतिश लोबो.
त्या गाण्यात तिसऱ्या रांगेत व्हायोलिन.
ते म्हणाले, कागदावर माझं नाव शोधू नको, पोरी.
आम्ही शिफ्टवाले. साठ रुपये, जेवण,
आणि वरून कंडक्टरच्या शिव्या.

मग बराच वेळ खिडकीतल्या तुळशीला,
नाही, तुळस नव्हे, कुठलंसं विलायती रोप होतं, त्याला
पाणी घालत राहिले.
मी उठणार तेवढ्यात म्हणाले,
अंतऱ्याच्या आधी चार बार होते. माझे.
रिहर्सलला वाजवले तर सगळे थांबून ऐकत होते.
कंडक्टर म्हणाला, छान आहे, पण लांबतंय. काढ.
ते छापले नाहीत, तबकडीत गेले नाहीत.
आता सांग, ते कोणाचे?

पेटी काढली पलंगाखालून.
गज उचलला. हात थरथरला. गज खाली ठेवला.
आणि बावतिश लोबोंनी
तोंड मिटून
गुणगुणायला सुरुवात केली.

शंभराच्या स्टॅम्पपेपरवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं:
क्षेत्र, ऐकू जाईल तिथवर.
मुदत, मी असेपर्यंत. नंतर तू बघ.
मोबदला, तीन हजार, आणि पाटीवर नाव.
स्पेलिंग नीट घाल. आयुष्यभर चुकत आलंय.

सगुणाबाईंनी चार दिवस फोनवर ऐकून ऐकून
ते सूर घोटले.
ग्लेनच्या कपाटात, गोधड्यांच्या मधोमध उभ्या राहून
स्वतःच्याच गळ्याच्या शिरेवर
त्यांनी ते बसवलं.
तीन जागी शीर पुढं जाते, आवाज मागं राहतो.
बघणाऱ्याला कळेल. कळू दे.

पडद्यावर स्वतःला पाहून म्हणाल्या,
ताई, हे ते गाणं नव्हं.
मी म्हटलं, नव्हेच.
बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
कॉलर मातुर कडक आलीया.